न्यूरोब्लास्टोमाच्या गाठी, 24 चिप आणि एक चुकीचं शून्य: प्रकल्पाच्या नोंदी

12 जून 2023

आज मंजुरीचं पत्र हातात आलं. काम असं: लहान मुलांमधल्या न्यूरोब्लास्टोमाच्या (चेतापेशींच्या एका कर्करोगाच्या) गाठींमधून डीएनए काढायचा, एसएनपी मायक्रोअ‍ॅरेवर चढवायचा आणि कुठल्या गुणसूत्राचा कुठला तुकडा वाढलाय किंवा गेलाय ते बघायचं. हा मायक्रोअ‍ॅरे म्हणजे डीएनएतले एका-एका अक्षराचे फरक वाचणारी चिप; सायटोस्कॅन एचडी प्रकारच्या 24 चिप घेतल्या. आठ-आठच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत एक चिप प्रमाणित डीएनएसाठी, म्हणजे गाठींसाठी 21. चिप आणि रसायनं मिळून एका नमुन्याला साधारण 30 हजार रुपये पडतायत. चुकायला फारशी जागा नाही.

या नोंदी मी मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेपुरत्या ठेवत होते. पण नागपूर-औरंगाबादकडच्या दोन मैत्रिणी हेच काम सुरू करतायत, म्हणून आता सगळं नीट लिहिते. तत्त्वं पुस्तकात मिळतात. नमुना कुठे वाया गेला ते पुस्तकात मिळत नाही.

3 जुलै

तीन आठवडे संमतिपत्रकात गेले आणि ते गेले ते बरंच झालं.

पहिल्या मसुद्यात आम्ही 'जनुकीय दोषांचा अभ्यास' असं छापलं होतं. धुळ्याकडून आलेल्या एका आजींनी ते वाचून घेतलं आणि विचारलं, "दोष म्हंजे आईकडला का बापाकडला?" मुलाची आई शेजारीच बसली होती. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी त्यांना सांगितलं, "आजी, दोष कुणाकडचाच नाही. गाठीच्या पेशी वाढताना त्यांच्या आत बिघाड झालाय, तो आम्ही बघणार." घराण्यातून येणारा न्यूरोब्लास्टोमा शंभरात एखाद-दोन मुलांमध्येच असतो, बाकीच्यांत बदल गाठीपुरताच असतो. हे आम्हाला ठाऊक होतं, तरी छापलेला शब्द त्या आईला जाऊन लागला.

आता पत्रकात 'गाठीच्या पेशींमध्ये झालेले बदल' असं आहे. सोबत एक ओळ ठळक घातली: 'हा आजार आई-वडिलांच्या कुठल्याही चुकीमुळे होत नाही.' आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 7 ते 12 वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढच्यांची लेखी सहमती घ्यायची असते. आमची बहुतेक मुलं त्याहून लहान, त्यामुळे सही पालकांचीच. प्रत्येक मुलाचं 2 मिलिलिटर रक्तही मागितलं आहे. ते का लागतं ते ऑक्टोबरच्या नोंदीत येईल.

21 जुलै

पहिले दोन नमुने गेले. शस्त्रक्रियागृहात गाठ निघाली आणि रोजच्या सवयीने थेट फॉर्मलिनमध्ये पडली. सिस्टरांचा यात काहीच दोष नाही, आम्ही त्यांना वेगळं सांगितलंच नव्हतं. फॉर्मलिनमधल्या डीएनएचे तुकडे होतात. त्यासाठी वेगळ्या प्रकारची चिप असते, आमच्याकडची ताज्या गोठवलेल्या ऊतीसाठी आहे.

उपाय साधा निघाला. आदल्या संध्याकाळी शस्त्रक्रियांची यादी बघायची, सकाळी नाव लिहिलेल्या गोठवायच्या दोन कोरड्या क्रायो-नळ्या आणि द्रव नायट्रोजनचा छोटा डबा घेऊन बाहेर उभं राहायचं. आमचे लॅबमधले मामा हे काम माझ्यापेक्षा चोख करतात. तेव्हापासून एकही नमुना फॉर्मलिनमध्ये गेलेला नाही.

अस्थिमज्जेच्या तुकड्याच्या मागे लागू नका. पॅथॉलॉजीत हाड मऊ करायला तो आम्लात ठेवतात, त्यानंतर डीएनएत काही उरत नाही.

10 ऑगस्ट

डीएनए काढला. डीएनए मोजायच्या नॅनोड्रॉप यंत्रावर आकडे सुरेख, एका नमुन्यात मायक्रोलिटरला 180 नॅनोग्रॅम. क्युबिटवर, म्हणजे फक्त डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर, तोच नमुना 61. न्यूरोब्लास्टोमाची गाठ पेशींनी खच्चून भरलेली असते, तिच्यात आरएनए भरपूर येतो, आणि नॅनोड्रॉपला आरएनए आणि डीएनए यांतला फरक कळत नाही. चिपसाठी 250 नॅनोग्रॅम लागतात, तेही 50 च्या तीव्रतेने. नॅनोड्रॉपवर भरवसा ठेवून पातळ केलं असतं तर प्रत्येक नळीत गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच डीएनए गेला असता.

सगळ्यांवर आरएनेझची (आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमची) प्रक्रिया पुन्हा केली. दोन दिवस गेले.

30 ऑगस्ट

पहिली फेरी. चार गाठी आणि अस्थिमज्जेचे तीन नमुने (हाडाचा तुकडा नव्हे, सुईने ओढलेली पातळ मज्जा), ज्यांत पॅथॉलॉजीने गाठीच्या पेशी भरपूर असल्याचं कळवलं होतं.

पहिला दिवस: एनएसपी-1 एन्झाइमने दोन तास कापणं, मग 16 अंशांवर तीन तास जोडणी. दुसऱ्या दिवशी पीसीआर आणि 2 टक्के जेल. चार गाठी आणि प्रमाणित डीएनएच्या रांगांत 150 ते 2000 बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) छान धूर, म्हणजे लहान-मोठ्या तुकड्यांचा पसरट पट्टा दिसला. मज्जेच्या तिन्ही रांगा कोऱ्या.

आधी वाटलं, मी एन्झाइम घालायला विसरले. तीन वेळा वही तपासली. मग मामांनी फ्रिजमधून मूळ नळ्या काढून समोर ठेवल्या. तिन्हींची टोपणं हिरवी. हिरवं टोपण म्हणजे हेपरिन, रक्त गोठू न देणारं द्रव्य. गुणसूत्रांच्या कॅरिओटाइपसाठी मज्जा हेपरिनमध्येच घेतात, आणि आम्हाला त्यातलंच उरलेलं मिळालं होतं. हेपरिन डीएनएबरोबर चिकटून येतं आणि पीसीआर अडवतं. जांभळ्या टोपणाची, ईडीटीएची नळी हवी होती.

तीन नमुन्यांची रसायनं गेली, पण चिप वाचल्या. जेलचा टप्पा कितीही कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका. तो चिप चढवायच्या आधी येतो.

2 सप्टेंबर

50 अंशांवर सुमारे 17 तास चिप ओव्हनमध्ये फिरल्या, धुतल्या, स्कॅन झाल्या. पहिली प्रतिमा पडद्यावर आली तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. घरी जायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

साडेतीन वर्षांच्या मुलाची गाठ. दुसऱ्या गुणसूत्राच्या 2 पी 24 या जागी (पी म्हणजे गुणसूत्राची आखूड बाजू, क्यू म्हणजे लांब) रेघ सरळ वर उडालेली, एखाद्या खांबासारखी. तिथे एमवायसीएन जनुक आहे, आम्ही सगळे त्याला एन-मिकच म्हणतो. 1983 साली हे जनुक न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींमधूनच सापडलं, आणि पुढच्याच वर्षी ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या गाठींत त्याच्या प्रती वाढलेल्या असतात त्या बहुधा पुढच्या टप्प्यातल्या असतात. साधारण पाचातल्या एका गाठीत हे सापडतं. सोबत 1 पी चं टोक गेलेलं आणि 17 क्यू वाढलेला. हे तिघं इतक्यांदा एकत्र दिसतात की एक दिसला की डोळे आपोआप बाकीच्या दोघांना शोधतात.

एक सावधगिरी. सॉफ्टवेअरने खांबाशेजारी प्रतींचा एक आकडा दिला, तो मी अहवालात घातला नाही. इतक्या उंचीवर चिपचा संकेत दबून जातो. फिशच्या (जनुकाच्या प्रती चमकत्या रंगीत प्रोबने ठिपक्यांसारख्या दाखवणाऱ्या तपासणीच्या) स्लाइडवर त्याच गाठीच्या केंद्रकांत ठिपके मोजता येत नव्हते इतके दाट होते. चिपवरून 'वाढलंय' एवढंच म्हणावं, किती पटींनी ते म्हणू नये. आणि त्या जादा प्रती सुट्या कणांमध्ये आहेत की गुणसूत्रातच ओळीने बसल्यात, हे तर चिप सांगूच शकत नाही.

4 ऑक्टोबर

पॉलिमरेजचं पार्सल 27 सप्टेंबरला मुंबईच्या कार्गोत उतरलं. 28 ला अनंत चतुर्दशी, 29 ला ईदची सुट्टी, मग शनिवार-रविवार, आणि 2 ला गांधी जयंती. काल खोकं उघडलं तर बर्फाच्या पिशव्या कोमट. पुरवठादाराने दुसरं पाठवायचं कबूल केलं, पण दोन आठवडे गेले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मागणी नोंदवताना पंचांग समोर ठेवा, आणि पार्सल सोमवार-मंगळवारीच निघेल असं लिहून घ्या.

18 ऑक्टोबर

दुसरी फेरी, सात गाठी. सहा ठीक. सातव्या चिपवर काहीच नाही: सगळी रेघ सपाट, जणू निरोगी माणसाचं रक्त चढवलंय.

पॅथॉलॉजीच्या अहवालात 80 टक्के गाठीच्या पेशी लिहिल्या होत्या. मग सपाट का? तो आकडा मेणात बसवलेल्या दुसऱ्याच तुकड्याचा होता. गाठ एकच, पण गोठवलेला तुकडा भलत्याच कोपऱ्यातला. त्याच्या उरलेल्या भागाचा काप काढून बघितला तर जवळपास सगळा श्वान (Schwann) पेशींचा, म्हणजे मज्जातंतूंभोवती असणाऱ्या पेशींचा तंतुमय भाग. त्या पेशींत गुणसूत्रं साधारण नेहमीसारखीच असतात. 30 हजार रुपये गेले आणि त्या मुलाबद्दल काहीच कळलं नाही. दुसऱ्या गोष्टीची हळहळ जास्त आहे.

आता गोठवायच्या आधी प्रत्येक तुकडा काचेवर दोनदा टेकवून ठसा घेतो आणि रंगवून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे. साठ टक्क्यांच्या खाली गाठीच्या पेशी असतील तर तुकडा बाजूला.

20 ऑक्टोबर

याच फेरीतली चौथी चिप. नळीवर मुलग्याचं नाव, पण एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती, आणि वाय नाहीच. गाठीत वाय हरवू शकतं, पण मुलग्याच्या एक्सवर मधला पट्टा (दोन वेगळ्या प्रती असल्या की चित्रात मधोमध दिसतो तो) यायचं कारण नाही.

इथे ते 2 मिलिलिटर रक्त उपयोगी पडलं. चिपवरच्या काही जागांचा जीनोटाइप (तिथे कुठली अक्षरं आहेत ते) रक्तातल्या डीएनएशी ताडून बघितला. चार आणि पाच या नळ्यांची अदलाबदल झाली होती. डीएनए काढताना झाकणावर नाव होतं, अंगावर नव्हतं, आणि झाकणं बदलली. दोन्ही चिप वाचल्या, नावं दुरुस्त झाली. दोघंही मुलगे असते तर रक्ताशिवाय हे कधीच कळलं नसतं. आता नाव झाकणावर आणि अंगावर, दोन्हीकडे.

6 नोव्हेंबर

या नोंदी वाचणाऱ्याने बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पुढच्या दोन नोंदी वाचाव्यात.

सात महिन्यांच्या बाळाची अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली गाठ. चिपची गुणवत्ता उत्तम. सॉफ्टवेअरची यादी अशी: 3, 4, 9, 11 आणि 14 ही गुणसूत्रं गमावलेली, 7 आणि 17 वाढलेली. अकराव्यावरची लाल पट्टी बघून पोटात गोळा आला. 11 क्यू गमावणं ही धोक्याची ठरलेली खूण आहे. मी मसुद्यात लिहून टाकलं: 'अनेक गुणसूत्रं गमावलेली, अकरावं धरून.'

मसुदा पाठवायच्या आधी मॅडमना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "खालची ओळ बघितलीस का?"

नव्हती बघितली.

चिपच्या चित्रात दोन ओळी असतात. वरची ओळ डीएनए किती आहे ते सांगते. पण प्रत्येक चिपवर आपण सारखाच डीएनए घालतो. गाठीत सगळीच गुणसूत्रं तीन-तीन असली तरी एकूण वजन तेवढंच ठेवलेलं असतं, त्यामुळे तीन प्रतीही चिपवर दोन प्रतींसारख्याच दिसतात. सॉफ्टवेअर मधली पातळी धरतं आणि म्हणतं, हे शून्य, म्हणजे दोन प्रती. ज्या गुणसूत्राच्या खरंच दोनच प्रती आहेत ते मग या शून्याच्या खाली जातं आणि 'गमावलेलं' ठरतं.

खालची ओळ दोन प्रतींमधल्या फरकाची. दोन प्रती असतील तर तीन पट्टे दिसतात, मधला बरोबर शून्यावर. एकच प्रत असेल तर दोन पट्टे, मधला असूच शकत नाही. तीन असतील तर चार पट्टे. या बाळाच्या चिपवर सॉफ्टवेअरने 'सामान्य' म्हटलेल्या 1, 2, 5, 8 या गुणसूत्रांवर चार पट्टे होते, स्वच्छ, रेघा मारल्यासारखे. आणि 'गमावलेल्या' अकराव्यावर तीन, मधला शून्यावर. म्हणजे अकराव्याच्या दोन प्रती होत्या, काहीच गेलेलं नव्हतं. बाकीची गुणसूत्रं तीन होती.

मग उंचीवरून मला का कळलं नाही? गणिताने (उंची लॉग 2 च्या मापात असते) तीनाच्या तुलनेत दोन म्हणजे उणे 0.58, आणि दोनाच्या तुलनेत एक म्हणजे उणे 1. कागदावर फरक मोठा आहे. पण चिपवर आकडे दबून येतात आणि निरोगी पेशींची भेसळ त्यांना आणखी शून्याकडे ओढते. उणे 0.4 दिसलं तर ते कुठलंही असू शकतं. उंचीवर विसंबून राहता येत नाही, पट्टे मोजावेच लागतात.

9 नोव्हेंबर

पट्ट्यांवरही आंधळा विश्वास नको. चार प्रती दोन-दोन अशा विभागल्या असतील तरी पट्टे तीनच दिसू शकतात आणि मधला शून्यावरच असतो. मग अकराव्याच्या दोन की चार?

याचं उत्तर पॅथॉलॉजीच्या कपाटात आधीपासून पडून होतं. एन-मिकच्या फिश तपासणीत तुलनेसाठी दुसऱ्या गुणसूत्राच्या मध्यबिंदूचा एक रंगीत प्रोब असतोच. अहवालात फक्त 'वाढ नाही' एवढंच लिहिलं होतं. मी स्लाइड मागून घेतली आणि शंभर केंद्रकं मोजली. बहुतेकांत तीन ठिपके. म्हणजे दुसऱ्या गुणसूत्राच्या तीन प्रती, आणि चिपवर त्याहून खाली असलेल्या अकराव्याच्या दोनच. नवा खर्च शून्य, वेळ एक तास.

शून्य हाताने सरकवलं आणि चित्र पुन्हा काढलं. लाल पट्ट्या गेल्या. सगळीकडे पूर्ण गुणसूत्रांची वाढ, तुटलेला तुकडा कुठेच नाही. 2009 साली पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटच्या गटाने 493 गाठी तपासून दाखवलं होतं की ज्या गाठींत फक्त पूर्ण गुणसूत्रांची संख्या बदललेली असते त्या मुलांचं पुढे चांगलं होतं, आणि आजार परत उलटण्याचा धोका तुटलेल्या तुकड्यांबरोबर येतो. माझ्या मसुद्याने हे बाळ चुकीच्या बाजूला टाकलं असतं.

आमचा अहवाल संशोधनापुरता आहे, त्यावर उपचार ठरत नाहीत. तरी डॉक्टरांच्या सभेत कुणीतरी 'अकरावं गेलंय' म्हणालं असतं, आणि असं वाक्य खोलीत एकदा बोललं गेलं की पुसता येत नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

24 नोव्हेंबर

दिवाळीनंतर आधीच्या सगळ्या चिप पुन्हा उघडल्या, शून्य लपवून, फक्त पट्टे बघत. पहिल्या फेरीतल्या एका बाळाच्या गाठीतही हीच चूक होती. अहवाल मागे घेऊन दुरुस्त केला.

आता क्रम ठरलाय. आधी पट्टे मोजायचे. मग ज्या गुणसूत्रावर तीन पट्टे आहेत आणि उंची सर्वांत कमी आहे, तिथे दोन प्रती धरून शून्य लावायचं. मग फिशच्या स्लाइडवर खात्री. सॉफ्टवेअरची यादी या सगळ्यानंतर उघडायची. आणखी एक: गुणवत्तेचे जे निकष कंपनी देते ते निरोगी रक्तावर बसवलेले असतात. एमएपीडी (चिपच्या संकेतातल्या गोंगाटाचं माप) 0.25 च्या आत हवा हे गाठींनाही लागू पडतं, पण बाकीच्या दोन निकषांवर खूप बदल असलेली गाठ नापास होऊ शकते. त्यावरून नमुना फेकू नका, चित्र डोळ्यांनी बघा.

8 डिसेंबर

तिसरी फेरी झाली, सगळ्या चिप चांगल्या.

एका गाठीत फिश म्हणतंय एन-मिक वाढलंय, आणि माझी यादी म्हणतेय की वाढलेल्या तुकड्यात ते जनुक नाहीच. दीड दिवस यात गेला. जनुकांची यादी मी मानवी जीनोमच्या नव्या, एचजी 38 नकाशावरून उतरवली होती आणि चिपचे तुकडे जुन्या, एचजी 19 वर होते. एन-मिक जुन्या नकाशात 1 कोटी 60 लाख 80 हजाराच्या पुढे सुरू होतं, नव्यात 1 कोटी 59 लाख 40 हजाराजवळ. फरक 1 लाख 40 हजार बेसचा. तुकडा रुंद असता तर ही चूक लपून राहिली असती. या गाठीत तो अरुंद होता म्हणून पकडली गेली. फाइलच्या नावातच नकाशाचा क्रमांक लिहा.

11 जानेवारी 2024

दोन गोष्टी, एकमेकींशी संबंध नसलेल्या.

तेरा वर्षांच्या मुलीची गाठ, खूप हळू वाढलेली. मोठ्या बदलांत फारसं काही नव्हतं. मी गाळणी 1 मेगाबेसची (दहा लाख बेसची) लावली होती, म्हणजे त्याहून छोटे बदल यादीत येतच नव्हते. मोठ्या मुलांच्या गाठींत एक्सवरच्या एटीआरएक्स जनुकाचे मधले काही भाग उडालेले असतात हे आठवलं. गाळणी काढून तिथे बघितलं, तर जनुकाच्या आतच छोटीशी दरी. मोठ्या बदलांसाठी मोठी गाळणी ठीक आहे, पण एटीआरएक्स, एएलके, टर्ट अशा नेहमीच्या जागा गाळणीशिवाय एकदा डोळ्यांनी बघाव्याच.

दुसरं म्हणजे एका गाठीत चिप सपाट आणि फिशमध्ये एन-मिक वाढलेल्या पेशींचे छोटे छोटे पुंजके, शंभरात चार-पाच पेशी. चिप सगळ्या पेशींची सरासरी दाखवते, इतका छोटा पुंजका तिच्यात बुडून जातो. चिपवर दिसलं नाही म्हणून फिश खोडू नका. टर्टच्या बाबतीतही तेच: डीएनएच्या तुकड्यांच्या जागांची नुसती अदलाबदल असेल, प्रती कमी-जास्त नसतील, तर चिपला काहीच दिसत नाही.

2 फेब्रुवारी

हिशोब. गाठींसाठीच्या 21 पैकी 18 चिप चढल्या, 17 वाचता आल्या. एक तंतुमय तुकड्यावर गेली, हेपरिनमुळे तिघांची रसायनं गेली, तीन कोऱ्या चिप शिल्लक आहेत आणि त्यांची मुदत मार्चमध्ये संपते. चार महिन्यांचं काम आठ महिन्यांना पडलं. त्यातला सगळ्यात मोठा वेळ नमुना हातात येण्यापूर्वी आणि चित्र आल्यानंतर गेला. मधलं प्रयोगाचं काम दर फेरीला चार-पाच दिवसांचंच होतं.

मज्जेच्या तिघांपैकी दोघांच्या घरच्यांनी पुन्हा नमुना द्यायला होकार दिलाय, पुढच्या तपासणीला भूल दिलेली असेल तेव्हाच, मुलाला वेगळी सुई टोचायची नाही या अटीवर. मामांनी जांभळ्या टोपणाच्या नळ्या आजच नाव घालून ठेवल्या. आणखी दोन गाठींचं शून्य अजून माझ्या मनासारखं बसलेलं नाही, एकीत चार पट्टेही दिसतात आणि तीनही. त्यांच्या फिशच्या स्लाइड सोमवारी मिळतील.